गाण्यांना कव्हर लावताना: आधी नावं, मग चित्र

फोनमध्ये गाणी आहेत, पण कव्हरच्या जागी करडा चौकोन. किंवा त्याहून वाईट म्हणजे नाट्यगीतांच्या अल्बमवर कुठल्यातरी डाउनलोड साइटची जाहिरात. मग एखाद्या रविवारी लोक बसतात, धडाधड चित्रं चिकटवतात आणि सोमवारी लोकलमध्ये फोन उघडला की एकच अल्बम बारा ठिकाणी विखुरलेला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

गडबड होते ती क्रमात. बहुतेक प्लेअर कव्हर दाखवतात ते अल्बमचं, आणि कोणतं गाणं कोणत्या अल्बमचं हे ते फाइलमधल्या टॅगवरून, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या गाणं-गायक-अल्बमच्या नावांवरून ठरवतात. टॅग विस्कटलेले असताना चित्र चिकटवलं तर तोच पसारा रंगीत होऊन समोर येतो. म्हणून खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. एक अल्बम शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊन फोनवर पाहा, मगच दुसऱ्याला हात लावा.

1. आधी प्रत, मग आवराआवर

टॅग बदलला की फाइल पुन्हा लिहिली जाते. त्याच वेळी वीज गेली किंवा केबल सैल झाली तर गाणं हातचं जाऊ शकतं. त्यामुळे पूर्ण संग्रहाची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढा. स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरचा ‘एक टीबी’वाला स्वस्त पेन ड्राइव्ह या कामाला नको. अशा ड्राइव्हवर छापलेल्या आकड्याचा आतल्या जागेशी पुष्कळदा काही संबंध नसतो. खरी जागा संपल्यावरही फायली यादीत दिसत राहतात, वाजत मात्र नाहीत.

फोनमधली गाणी फोनमध्येच दुरुस्त करत बसू नका. संगणकावर आणा, तिथे काम करा, परत पाठवा.

आता फोल्डर. एक अल्बम, एक फोल्डर, एवढाच नियम. दोन सीड्यांचा संच हा एकच अल्बम. टॅगमध्ये डिस्क क्रमांकाचा वेगळा रकाना असतो, तो भरा.

फायलींचा प्रकारही इथेच पाहून घ्या. एमपी3, एम4ए आणि फ्लॅक या तिन्हींत चित्र नीट बसतं. वेव्ह फाइलचं मात्र सांगता येत नाही. एका प्लेअरमध्ये चित्र दिसतं, दुसऱ्यात नाही. घरी टेपवरून उतरवलेली गाणी बऱ्याचदा वेव्हमध्येच असतात. ती आधी फ्लॅकमध्ये बदला. आवाजाचा दर्जा तसूभरही कमी होत नाही, वर जागा वाचते.

*तपासा:* काढलेल्या प्रतीतलं कोणतंही एक गाणं उघडा आणि शेवटपर्यंत वाजतंय याची खात्री करा. नुसता फोल्डर दिसला म्हणजे प्रत झाली असं नाही.

2. साधन एकच निवडा

टॅग आणि चित्रं बदलायला विंडोजवर एमपी3टॅग. मॅक किंवा लिनक्सवर किड3. दोन्ही मोफत (एमपी3टॅगची मॅक आवृत्ती मात्र विकत आहे). नावात एमपी3 असलं तरी एमपी3टॅग फ्लॅक आणि एम4एसुद्धा हाताळतं.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे तिसरं साधन. ते गाणी ओळखून टॅग आणि कव्हर आपोआप आणतं. ही चित्रं येतात कव्हर आर्ट आर्काइव्हमधून. म्युझिकब्रेन्झ आणि इंटरनेट आर्काइव्ह यांनी मिळून 2012 साली सुरू केलेला हा साठा आहे. हिंदी किंवा इंग्रजी सीडीसाठी झकास. मराठी कॅसेट-एलपींच्या नोंदी तिथे विरळ, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

*सावधान:* ‘निवडक गाणी’ छापाचा संग्रह पिकार्डच्या ‘स्कॅन’ बटणाला देऊ नका. ते आवाजावरून प्रत्येक गाणं वेगळं ओळखतं आणि एकेक गाणं त्याच्या मूळ अल्बमात नेऊन टाकतं. वीस गाण्यांचे सतरा अल्बम होतात. तसंच, तुम्ही देवनागरीत भरलेली नावं तिथल्या रोमन नोंदींनी पुसली जाऊ शकतात. ‘सेव्ह’ दाबण्याआधी जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी दिसतं, ते वाचा.

सेटिंग्जमध्ये दोनच गोष्टी पाहायच्या. एमपी3 साठी आयडी3 (एमपी3 फाइलमध्ये टॅग लिहायची पद्धत) ची 2.3 ही आवृत्ती आणि यूटीएफ-16 (देवनागरीसकट अक्षरं साठवायची पद्धत) निवडा. 2.4 नवी आहे खरी, पण जुने कार स्टिरिओ आणि जुनी विंडोज तिच्यावर अडखळतात. आणि आयडी3 ची पहिली आवृत्ती लिहिणं बंद करा. त्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम 30 अक्षरं मिळतात आणि देवनागरी मावतच नाही. काही प्लेअरवर मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, ती पुष्कळदा यामुळेच.

3. नावं सरळ करा

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच गाळतात.

अल्बमचं नाव त्यातल्या प्रत्येक गाण्यात अक्षरशः एकसारखं हवं. डोळ्यांना एकसारखं दिसणं पुरत नाही. एका गाण्यात नावामागे एक रिकामी जागा राहिली तरी प्लेअरच्या लेखी तो वेगळा अल्बम. देवनागरीत आणखी एक छुपा घोळ आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: काही कीबोर्ड ते एकच अक्षर म्हणून लिहितात, तर काही ‘अ’ला वर चंद्र जोडून. ‘ताऱ्यांची’मधल्या ‘ऱ्य’चंही तेच. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. अर्धी गाणी फोनवर आणि अर्धी लॅपटॉपवर टाइप केली असतील तर ‘ॲकॉर्डियनवर मराठी गाणी’ नावाचे दोन अल्बम तयार होतात आणि दोन्हींत फरक काय ते शोधून सापडत नाही.

उपाय सोपा आहे. शोधत बसू नका. फोल्डरमधली सगळी गाणी एकत्र निवडा, अल्बमच्या रकान्यात नाव एकदाच टाइप करा, कंट्रोल-एस. सगळ्या फायलींत तीच अक्षरं जातात.

दुसरा महत्त्वाचा रकाना ‘अल्बम आर्टिस्ट’. हा आणि ‘आर्टिस्ट’ वेगळे. आर्टिस्टमध्ये त्या-त्या गाण्याचा गायक, मग प्रत्येक गाण्यात तो वेगळा असला तरी हरकत नाही. अल्बम आर्टिस्ट मात्र अख्ख्या अल्बमला एकच. चित्रपटगीतांना मी संगीतकाराचं नाव देतो; संकीर्ण संग्रहाला ‘विविध कलाकार’. ख्यालगायनाच्या मैफलीत इथे फक्त मुख्य गायक. तबला-पेटीची साथ कोणाची हे शेऱ्याच्या (‘कॉमेंट’) रकान्यात. हा रकाना रिकामा ठेवला तर दहा गायकांच्या चित्रपट अल्बमचे दहा तुकडे होणार हे धरून चाला.

नावापुढच्या उपाध्यांचंही एकदा काय ते ठरवा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरसाठी तीन गायक आहेत. मी उपाध्या गाळतो. आदर कमी होत नाही आणि अनुक्रमणिकेत सगळे पंडित ‘प’मध्ये गर्दी करत नाहीत.

उलट गोंधळही होतो. तीन वेगवेगळ्या गायकांच्या तीन कॅसेटी, आणि तिन्हींचं नाव ‘भावगीतं’. अल्बम आर्टिस्ट रिकामा असेल तर काही प्लेअर फक्त अल्बमचं नाव पाहून तिन्ही एकत्र करतात आणि एकाच गायकाचा फोटो सगळ्यांवर लावतात. अशा सामान्य नावांना गायकाचं नाव किंवा भाग क्रमांक जोडा.

*तपासा:* सगळी गाणी निवडल्यावर एमपी3टॅगच्या डाव्या पट्टीत अल्बम आणि अल्बम आर्टिस्ट हे दोन रकाने थेट नाव दाखवायला हवेत. तिथे कंसातलं ‘कीप’ दिसलं तर कुठेतरी फरक उरलाय.

4. जुनी चित्रं काढून टाका

एका फाइलमध्ये एकाहून जास्त चित्रं राहू शकतात. डाउनलोड साइटचा लोगो आत तसाच ठेवून तुम्ही वर खरं कव्हर घातलंत, तर काही प्लेअर पहिलं चित्र दाखवतात, म्हणजे लोगोच. त्यामुळे एमपी3टॅगमध्ये सगळी गाणी निवडा, डावीकडच्या चित्रावर राइट-क्लिक करा, ‘रिमूव्ह कव्हर’ म्हणा आणि सेव्ह करा. साइटचं नाव शीर्षकात किंवा शेऱ्यातही चिकटलेलं असतं. हात फिरतोच आहे तर तेही पुसा.

फोल्डरमध्ये पडलेल्या चित्रांकडेही लक्ष द्या. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरने ‘फोल्डर’ आणि ‘अल्बमआर्ट’ अशा नावांच्या इवल्याशा लपवलेल्या जेपीजी फायली ठेवलेल्या असतात. लपवलेल्या फायली दिसतील असं सेटिंग करून त्या उडवा. नाहीतर नवं कव्हर लावूनही जुनंच धुरकट चित्र का दिसतंय, हे कोडं सुटत नाही.

5. चित्र मिळवा

घरी सीडी, कॅसेट किंवा एलपी असेल तर तीच वापरा. नेटवर मिळणारं मराठी कव्हर बहुधा कोणीतरी कमी उजेडात काढलेला तिरका फोटो असतो, वर वॉटरमार्क.

सीडी. सगळ्यात सोपं काम. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, पण तिथून घेतलेल्या सीड्या अजून कित्येक घरांत आहेत. आतली पुस्तिका बाहेर काढा; प्लॅस्टिकच्या डबीसकट स्कॅन केलं तर ओरखडे आणि चमक दोन्ही येतात. पुस्तिका 12 सेंटीमीटर चौरस असते, म्हणजे 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) साधारण 1400 पिक्सेल. भरपूर झाले.

कॅसेट. डबीतलं कार्ड हळूच बाहेर काढून उलगडा. जुनं कार्ड घडीवरच फाटतं, त्यामुळे घडी पूर्ण सपाट करण्याचा हट्ट धरू नका. फक्त दर्शनी बाजू काचेला टेकली की काम झालं. चित्र लहान आहे, तेव्हा 600 डीपीआय ठेवा. स्कॅनमध्ये रंगांवर जाळी किंवा लहरी दिसल्या तर ते छपाईचे ठिपके. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क्रीन’ पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर मोठं स्कॅन करून नंतर लहान करा, जाळी बरीचशी विरघळते.

एलपी. इथे घरचा ए4 स्कॅनर कामाचा नाही. त्याची काच साडेआठ इंच रुंद आणि एलपीचं कव्हर बारा इंचांहून किंचित मोठं. चार तुकडे स्कॅन करून जोडणारे लोक आहेत. मला विचाराल तर फोनचा कॅमेरा पुरतो. सात इंची ईपी मात्र स्कॅनरवर आरामात बसते.

फोटो काढताना बाहेरची प्लॅस्टिकची पिशवी काढा. कव्हर जमिनीवर खिडकीजवळ ठेवा, ट्यूबलाइट आणि फ्लॅश बंद. ट्यूबची पांढरी रेघ लॅमिनेटेड कव्हरवर हमखास उमटते आणि नंतर ती कुठल्याच ॲपने जात नाही. आपल्याकडचा पावसाळ्यातला ढगाळ दिवस या कामाला उत्तम. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावली पडत नाही. फोन अगदी जवळ धरू नका, जवळून काढलं की कडा फुगतात. जरा लांब, उंचावरून, दुप्पट झूम करून आणि पडद्यावर जाळीच्या रेषा चालू ठेवून फोटो काढा. उरलेला तिरकेपणा स्नॅपसीड या फोटो ॲपच्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ने सरळ होतो. कागदपत्रं स्कॅन करायची ॲप वापरणार असाल तर मूळ रंगाचा पर्याय निवडा. एरवी ती सगळं पांढरंफटक करून टाकतात, त्यांना कव्हर आणि वीजबिल सारखंच.

*सावधान:* पावसाळ्यात दमट हवेने कव्हर प्लॅस्टिकला चिकटलेलं असेल तर ओढू नका, छपाईच सोलून निघते. पिशवी कडेने कात्रीने कापा. बुरशीचे पांढरे डाग कोरड्या मऊ फडक्याने, खिडकीशी उभं राहून पुसा. ओलं फडकं अजिबात नको.

*तपासा:* चोर बाजारातून आणलेल्या एलपीत कव्हर एका तबकडीचं आणि आत तबकडी भलतीच असं पुष्कळदा निघतं. तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक कव्हरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

नेट. अगदीच इलाज नसेल तर नेटवरून घ्या, पण शोधाच्या निकालातलं लहान चित्र तसंच जतन करू नका. मूळ पान उघडून मोठं घ्या. हल्ली अशी चित्रं वेबपी प्रकारात उतरतात. फाइलच्या नावाची शेपटी बदलून जेपीजी लिहिलं तरी आत वेबपीच राहतं आणि निम्मे प्लेअर काहीच दाखवत नाहीत. चित्र उघडा आणि ‘सेव्ह ॲज’ करून खरोखरचं जेपीजी बनवा.

6. चित्र बेतून घ्या

स्कॅन किंवा फोटोची मोठी मूळ प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवा. गाण्यात बसवायला त्यातून एक लहान प्रत काढा: 600×600 पिक्सेल, जेपीजी, दर्जा 85 च्या आसपास. फाइल साधारण 100 केबीची होते. हा आकडा महत्त्वाचा, कारण चित्र प्रत्येक गाण्यात वेगळं साठवलं जातं. 5,000 गाण्यांना 100 केबी म्हणजे 500 एमबी. त्याच गाण्यांत 2 एमबीचं चित्र कोंबलं तर 10 जीबी जागा नुसत्या चित्रांनी खाल्ली.

कॅसेटचं कव्हर उभट असतं. ते चौकोनात बसवायला ताणू नका, गायकाचा चेहरा भोपळ्यासारखा होतो. वरचं-खालचं कापायचं की बाजूंना रंगाची पट्टी भरायची, हे चित्र पाहून ठरवा. नाव वरच्या कडेला असेल तर कापू नका. कार्डाच्याच पार्श्वभूमीचा रंग ड्रॉपरने उचलून दोन्ही बाजूंना भरा. दुकानदाराची गोल चिठ्ठी, जुन्या मालकाची सही असलं काही असेल तर मी ते तसंच ठेवतो. पण ती आवडीची गोष्ट.

जेपीजी जतन करताना ‘प्रोग्रेसिव्ह’ची खूण काढलेली हवी. इरफानव्ह्यू आणि जिम्प या चित्रांच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय सेव्ह करतानाच दिसतो. संगणकावर दिसतं, गाडीत दिसत नाही, या तक्रारीचं हे एक मोठं कारण आहे. छापखान्याकडून आलेलं चित्र असेल तर ते सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगपद्धतीत असू शकतं. ते आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत करून घ्या.

*तपासा:* चित्र पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. दादरला एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने अल्बम शोधायचाय. त्या आकारात तो ओळखू येतो का?

7. फाइलमध्ये बसवा

एमपी3टॅगमध्ये फोल्डरमधली सगळी गाणी निवडा. चित्र डावीकडच्या रिकाम्या चौकटीत ओढून टाका किंवा राइट-क्लिक करून ‘ॲड कव्हर’. चित्राचा प्रकार ‘फ्रंट कव्हर’ असू द्या. मग कंट्रोल-एस. चित्र चौकटीत दिसलं म्हणजे सेव्ह झालं असं समजून खिडकी बंद करणारे कमी नाहीत.

सेव्ह होताना चूक दाखवली तर गाणं दुसरीकडे वाजत असेल, ते थांबवा. नाहीतर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण असेल, ती काढा.

ॲपलचं म्युझिक ॲप वापरत असाल तर एक भेद लक्षात ठेवा. त्याने स्वतःहून नेटवरून आणलेलं कव्हर त्याच्या स्वतःच्या साठ्यात राहतं, गाण्याच्या फाइलमध्ये जात नाही. गाणं दुसरीकडे नेलं की चित्र गायब. गाण्याच्या माहितीच्या खिडकीत जाऊन हाताने चिकटवलेलं चित्र मात्र फाइलमध्ये बसतं.

*तपासा:* एक गाणं एकटंच डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. चित्र दिसलं तर ते खरंच आत आहे. नाही दिसलं तर इतका वेळ प्लेअर फोल्डरमधलं चित्र दाखवत होता.

8. फोन आणि गाडी

फोनमधला जुना फोल्डर आधी काढा, मग नवा टाका. गाण्यांची नावं तीच असल्यामुळे काही कॉपी करणारी साधनं ‘ही फाइल आहेच’ म्हणून पुढे जातात. इतकं करूनही जुनं चित्र दिसलं तर फोन बंद करून चालू करा आणि प्लेअर ॲपची कॅशे (तात्पुरता साठा) साफ करा. ‘क्लिअर डेटा’ नव्हे, त्याने तुमच्या प्लेलिस्टही जातील.

फोल्डरमध्ये कव्हरची वेगळी फाइल ठेवली असेल तर फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये अल्बमची कव्हरं मिसळतात. त्यावर ‘नोमीडिया’ नावाची फाइल टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, ती चित्रांबरोबर गाणीही लपवते. चित्र गाण्याच्या आत आहेच, तेव्हा वेगळी फाइल फोनवर नेऊच नका.

गाडीचा स्टिरिओ सगळ्यात हट्टी. तिथे चित्र दिसत नसेल तर एका अल्बमला 500×500 किंवा त्याहून लहान चित्र लावून पाहा. तरीही नाही, तर माहितीपुस्तिका उघडा. काही संच पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांची चित्रं दाखवतच नाहीत.

9. ज्याला कव्हरच नाही

सोसायटीच्या गणपतीतल्या आरत्यांचं रेकॉर्डिंग, आजीच्या ओव्या, घरगुती मैफल. यांना नेटवरून गणपतीचं किंवा तंबोऱ्याचं कुठलंतरी चित्र लावू नका. चार अल्बमांवर तेच चित्र आलं की ओळखायचं कसं? एकरंगी चौकोन घ्या, त्यावर ठळक देवनागरीत दोन शब्द आणि साल. रंग प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा. कॅसेटच्या डबीवर कोणी पेनने काही लिहिलेलं असेल तर तेच अक्षर स्कॅन करून वापरा, ते कुठल्याही फाँटपेक्षा लवकर ओळखू येतं. पूर्ण तपशील, म्हणजे कोण गातंय, कुठे, पेटीवर कोण, हे चित्रावर दाटीवाटीने लिहू नका. ते शेऱ्याच्या रकान्यात भरा, म्हणजे एमपी3टॅगमध्ये नाव टाकलं की शोधता येतं.